पाऱ्यावरचं भिंग

१

दीपगृहाचा दिवा विझला असता तर कोणी मेलं नसतं. अंधार दिसला की होडीवाला सावध होतो, थांबतो, अंदाज घेतो. पण त्या संध्याकाळी दिवा छान लागलेला होता, फक्त फिरायचा थांबला होता. या किनाऱ्यावर फिरता उजेड म्हणजे खडक आणि स्थिर उजेड म्हणजे बंदराचा धक्का, हे लहान पोरालाही माहीत. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याला, समोर स्थिर उजेड दिसला. धक्का आला असं समजून त्याने होडी सरळ उजेडावर घातली आणि खडकावर तिच्या चिंधड्या झाल्या. तो पोहत बाहेर आला. त्याचा पाठचा भाऊ आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाँचने तिथे पोचले. समुद्रातले अपघात तपासणं हा माझा धंदा. खात्यात पाठीमागे मला 'बुडीत खातं' म्हणतात. तोंडावर म्हणायची अजून कोणाची छाती झालेली नाही.

फाटकाशी होडीवाल्यांचा घोळका उभा होता. कोणी ओरडत नव्हतं, आणि मला त्याचीच भीती वाटली. तांडेल पुढे आला. अंगावर कालचेच कपडे, मिठाने ताठ झालेले.

"बाई, आत कोंडलाय त्याला आमच्या ताब्यात द्या," तो म्हणाला. "नाहीतर तुम्ही घेऊन जा. पण आजच. उद्यापर्यंत मला ही माणसं आवरणार नाहीत."

आत कोंडलेला माणूस म्हणजे दीपगृहाचा धाकटा रखवालदार. थोरल्या रखवालदाराचा, म्हणजे आबांचा, तो जावई. पोलिसाने त्याला कोठीच्या खोलीत बंद केलं होतं ते अटकेपेक्षा जीव वाचवण्यासाठी. लाँचला इथून निघायला भरती लागते, आणि आजची भरती दिवस मावळताना होती. तेवढाच वेळ माझ्या हातात होता. त्यानंतर जावई लाँचवर चढणार आणि थेट तुरुंगात उतरणार.

आबा व्हरांड्यात बसले होते. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, हातांची घडी घालून बोटं काखेत दाबलेली. समोर टेबलावर रुमाल आणि रुमालात पोलादाची एक पट्टी. वीतभर लांब, बोटभर रुंद.

"ही भिंगाखाली अडकली होती. मीच ओढून काढली," आबा म्हणाले. "काल दुपारभर तो वरच्या सज्जात अशाच पट्ट्या ठोकत होता. पडली हातातून. पोरगा वाईट नाही हो, पण धांदरट आहे. आजच घेऊन जा त्याला. इथे त्याच्या जिवाला धोका आहे."

प्रकरण अगदी सरळ होतं. सरळ प्रकरणांचा मला मनापासून राग येतो.

आबांनी किल्ल्यांचा जुडगा मनगटाने माझ्याकडे सरकवला. "गुडघे कुरकुरतात. तुम्हीच उघडा वर जाऊन."

गुडघे माझेही कुरकुरत होते, पण मला कोण विचारतं!

२

डेपोचा फिटर माझ्याच लाँचने आला होता. दरवर्षी भिंगाची सफाई करायला तोच येतो. जिना चढताना मला धाप लागली आणि त्याच्या तोंडाचा पट्टा काही थांबेना.

"यात तपास कसला करायचा, मॅडम? सासऱ्याच्या वशिल्याने चिकटलेला माणूस. माझा पुतण्या याच जागेसाठी अर्ज करून बसला होता, त्याला साधं बोलावलंसुद्धा नाही."

"म्हणजे जावयावर तुमचा राग आहे."

"राग कसला? वाईट वाटतं," तो घाईघाईने म्हणाला.

वरच्या खोलीत चहूबाजूंनी काच होती आणि सकाळीच भट्टी तापली होती. मधोमध ते भिंग. दोन पुरुष उंचीचं, भरल्या ट्रकच्या वजनाचं. ते कशावर उभं असतं हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. खाली एक गोल पोलादी कडं असतं, खोल परातीसारखं. त्यात पारा भरलेला, आणि पाऱ्यावर भिंगाचा तळ तरंगतो. तळ आणि कड्याची भिंत यांच्यात बोटभर फट. मी एका बोटाने ढकललं आणि एवढं धूड गुपचूप फिरायला लागलं.

त्या फटीवर लाकडी झाकण होतं. तुकड्यातुकड्यांचं, प्रत्येक तुकड्याला कडी. पाऱ्यात धूळ जाऊ नये आणि त्याची वाफ माणसांच्या छातीत जाऊ नये म्हणून.

मी मान वर करून सज्जाकडे पाहिलं, मग खाली झाकणाकडे.

"काय हो, वरून पट्टी पडली तर ती या झाकणावर पडेल ना? आत कशी गेली?"

फिटरने वाकून एक कडी हलवून पाहिली. "झाकण उघडं राहिलं असेल," तो म्हणाला. "जावयालाच विचारा."

३

कोठीच्या खोलीत जावई पिंपावर बसला होता. डोळे सुजलेले. मला पाहून उभा राहिला आणि डोकं छताला आपटून घेतलं. धांदरट तर होताच.

"काल काय झालं?"

"दिवा लावला. खाली आलो, तर थोड्या वेळाने आवाराची भिंत एकसारखी उजळलेली दिसली. उजेड सरकत नव्हता. पळत वर गेलो. भिंग ढकललं, खांद्याने रेटलं, हलेना. मग आबांना हाका मारल्या. त्यांनी पट्टी काढली, पण तोवर..."

"तुझ्या हातातून पडली?"

"नाही हो. मी कापलेल्या सगळ्या पट्ट्या सज्जात बसवलेल्या आहेत. एकही कमी नाही. पण माझं ऐकतो कोण?"

"पाऱ्यावरचं झाकण कसं होतं?"

मी मुद्दामच हा प्रश्न सहज विचारला. उघडं होतं म्हण, मी मनात म्हणत होते. 'उघडं होतं' म्हणाला असता तर गुन्हा हलगर्जीचा ठरला असता, वर्षा-दोन वर्षांत सुटला असता.

"लावलेलं होतं," तो म्हणाला. "सगळ्या कड्या घातलेल्या. आबा आले तेव्हा मीच एकेक काढली."

"नक्की?"

"दिवा लावायच्या आधी मी रोज हात फिरवून बघतो. नक्की."

म्हणजे पट्टी पडली नव्हती. कोणीतरी कडी काढून पट्टी आत सोडली आणि कडी परत लावली. हा हलगर्जीपणा नव्हे, हा खून झाला. आणि त्या संध्याकाळी वर एकटा जावईच होता. बिचाऱ्याने स्वतःच्या तोंडाने स्वतःचा गळा कापला होता.

पण मला एक कोडं पडलं. दोषी माणूस असं खरं कशाला बोलेल?

४

आबांची लेक चहा घेऊन आली. मला कपबशी, आणि आबांसाठी एक मोठा मग, त्यात अर्धाच चहा. तो मग तिने आबांच्या पुढ्यात ठेवला आणि वळली. तिची पाठ वळेपर्यंत त्यांनी हात बाहेर काढला नाही. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"ताई, हे असं काही करणार नाहीत," ती म्हणाली. "झुरळ मारायचं तर मला हाक मारतात." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

तिला थोपटताना माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. कानातले पिवळेधमक, बोटातली अंगठी मात्र पांढरट, डागाळलेली.

"अंगठी चांदीची घेतलीस?"

"नाही हो, सोन्याचीच. लग्नातली." तिने डोळे पुसले. "मागे जिना झाडत होते, तर पायऱ्यांच्या फटीत चकचकीत मणी दिसले. टिपायला गेले की पळायचे. हाताने गोळा करून फेकले आणि दुसऱ्या दिवशी अंगठी अशी. आबांना दाखवली. ते म्हणाले, समुद्राच्या हवेने होतं असं."

"हे कधीचं?"

"थंडीत भिंगाची सफाई झाली ना, त्याच वेळचं. हे तेव्हा इथे नव्हते. सासूबाई आजारी होत्या म्हणून गावी गेले होते. सफाईला आबा आणि फिटरकाका दोघंच होते."

पाऱ्याचा आणि सोन्याचा संग झाला की सोनं पांढरं पडतं. म्हणजे सफाईच्या वेळी या जिन्यात पारा सांडला होता. पारा ही काही फुकट मिळणारी वस्तू नाही. तो कोणी सांडला, आणि सांडला की चोरला?

मी तशीच बाहेर आले आणि फिटरची पिशवी मागितली. तो द्यायला तयार होईना. पोलिसाने ती हिसकावून टेबलावर उलटी केली. पाने, पकडी, चिंध्या, आणि चिंध्यांत गुंडाळलेली एक जाड काचेची बरणी. बरणीत पारा होता.

५

फिटरचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम, आईशप्पथ, ही डेपोतली आहे. साहेबांना विचारा. शाळेच्या सहली आल्या की मुलांना गंमत दाखवतो, एवढंच. आबाही दाखवायचे. सगळ्यांना येते ही गंमत."

"मला दाखवा."

त्याने झाकण काढून एक लोखंडी नट आत टाकला. नट बुडाला नाही. पाण्यावर बूच तरंगावं तसा पाऱ्यावर डुलत राहिला.

मी शाळेत शिकले होते ते सगळं, पण डोळ्यांसमोर पाहिलं की गोष्ट वेगळी असते. कोणताही द्रव आपल्यात शिरलेल्या वस्तूला वर ढकलतो. वस्तूने जेवढी जागा अडवली, तेवढ्या जागेत मावणाऱ्या द्रवाच्या वजनाइतका तो जोर असतो. नटाएवढं पाणी नटापेक्षा हलकं, म्हणून पाण्यात नट तळाला. नटाएवढा पारा मात्र नटापेक्षा जड, म्हणून इथे नट वर.

मी चमच्याच्या दांड्याने नट तळापर्यंत दाबला आणि दांडा काढला. नट टुणकन वर आला.

मी पुन्हा दाबला. पुन्हा वर.

"मॅडम, काय झालं?" फिटरने घाबरून विचारलं, कारण मी खुर्चीतून उठले होते.

सकाळपासून आम्ही सगळे एकच वाक्य घोकत होतो. पट्टी वरून आली. आबा म्हणाले आणि आम्ही री ओढली. झाकण लागलेलं होतं हे कळल्यावरसुद्धा मी वरचाच हात शोधत बसले. पाण्याच्या सवयीचा हा दोष. पण पाऱ्यात लोखंड खाली जात नाही. पट्टी झाकणाखाली सापडली, कारण ती झाकणाखालीच होती. ती तळातून वर आली होती.

गुडघे विसरून मी जिना चढले. पट्टीही सोबत घेतली. तिची एक बाजू लख्ख होती, दुसरीवर काळा चिकट थर. नखाने खरवडून वास घेतला. डांबर.

झाकणाचे तुकडे काढले. पाऱ्यावर काळे कण तरंगत होते. एक ताठ तार मी फटीत घातली. एका जागी ती बिनधास्त तळापर्यंत गेली आणि टोकाला डांबर घेऊन आली. बाकी सगळीकडे थोडं खाली गेली की भिंतीला लावलेल्या कशाला तरी अडत होती.

"अहो, वरून बोटभर दिसते ही फट," फिटर पुटपुटला. "आणि पाऱ्याखाली तार जेमतेम जातेय! आत भिंतीला सगळीकडे पट्ट्या चिकटवल्यात कोणीतरी!"

"म्हणजे कमी पाऱ्यात पातळी तेवढीच राहते. बरोबर?"

"बरोबर. भिंगाला पारा किती आहे याच्याशी देणंघेणं नाही. तो तळाभोवती किती उंच चढलाय एवढंच. पण मॅडम, मी नाही हो! मी संध्याकाळी कडं पुसून कोरडं केलं आणि खाली झोपायला गेलो. सकाळी पाहतो तर आबांनी पारा भरूनही टाकलेला. 'तुझी लाँच चुकायला नको' म्हणाले. मी फक्त पातळी बघितली. खुणेवर होती."

तो खरं बोलतोय की स्वतःची कातडी वाचवतोय? मी काचेबाहेर पाहिलं. ऊन उतरलं होतं आणि लाँचच्या भोंग्याचा आवाज आला.

"झाकण लावा," मी म्हणाले. "आणि खाली एक अक्षर बोललात तर याद राखा."

६

पोलिसाने कोठीचं दार उघडलं. जावई बाहेर आला. फाटकाशी घोळका हलला, पण तांडेलाने हात आडवा धरून सगळ्यांना थोपवलं. तेवढ्यात लेक हातात गाठोडं घेऊन पायऱ्या उतरली.

"मीही जाते यांच्याबरोबर," ती म्हणाली.

आबा ताडकन उठले. "तू कुठे? तू नाही जायचं."

"जाणार, आबा."

"मग आज नको." ते माझ्याकडे वळले. "सकाळी न्या त्यांना. आज नको."

"सकाळी तुम्हीच म्हणालात, आजच न्या."

"म्हणालो असेन. आता अंधार पडेल. खडक आहेत वाटेत."

"खडकांसाठी तर दिवा आहे, आबा," मी म्हणाले. "समुद्र शांत आहे. पट्टी निघाली, भिंग फिरतंय. आता भीती कसली?"

लेक लाँचकडे चालू लागली. तिची पावलं मला मोठी मोठी ऐकू येत होती. लाँच मी सोडणार नव्हतेच, पण ते फक्त मला माहीत होतं.

"थांबवा तिला!" आबा ओरडले. "बाई, थांबवा तिला! दिवा पुन्हा अडकेल!"

लेकीने वळून पाहिलं.

"का अडकेल ते तुम्ही सांगता की मी सांगू?" मी विचारलं. "आत आणखी पट्ट्या आहेत. डांबराने चिकटवलेल्या. काल उन्हाने डांबर सुटलं आणि एक पट्टी वर आली. आजही ऊन तेवढंच होतं. फिटरने लावल्या असत्या तर स्क्रूने आवळल्या असत्या, त्याच्या पिशवीत सगळं सामान असतं. जावई तेव्हा गावी होता. आणि आयुष्यभर पाऱ्याशेजारी काढलेला माणूस, सोन्याची अंगठी पांढरी झालेली पाहून 'समुद्राची हवा' म्हणतो?"

आबांनी काखेतले हात बाहेर काढले आणि समोर धरले. दोन्ही हात थरथरत होते. थंडीने थरथरतात तसे नव्हे. थांबवावे म्हटले तरी थांबत नव्हते.

"पाऱ्याच्या वाफेनेच होतं हे," ते म्हणाले. "माझ्या आधीच्या रखवालदाराचेही असेच गेले. सफाईच्या दिवशी पारा गाळायला खालच्या खोलीत नेत होतो. भांडं निसटलं. जिनाभर पारा. सांगितलं असतं तर कसं सांडलं म्हणून विचारलं असतं, डॉक्टरने हात पाहिले असते, आणि मला घरी बसवलं असतं. या दिव्याशिवाय मला काय येतं? म्हटलं पातळी भरली की झालं. रात्रभर बसून पट्ट्या लावल्या. डांबर पक्कं आहे असं वाटलं मला."

"आणि काल पट्टी काढलीत तेव्हा?"

"तेव्हाच कळलं सगळं." ते म्हणाले. "तोंडातून निघून गेलं, वरून पडली म्हणून. मग ते मागे घेता येईना. जावई सुटेल दोन-चार महिन्यांत, असं मनाला सांगत राहिलो."

लेक परत आली होती. मला वाटलं ती ओरडेल. ती हळूच बोलली, आणि ते जास्त वाईट होतं.

"मला हाक मारायची होतीत, आबा. मी धरलं असतं भांडं."

तांडेल फाटकाच्या खांबाला टेकून खाली बसला. सकाळपासून आवरून धरलेलं रडणं त्याला तेव्हा आलं.

७

लाँच सुटली तेव्हा तिच्यावर जावई नव्हता, आबा होते. भरती थांबणार नव्हती, आणि फाटकाशी घोळका असताना त्यांना रात्रभर तिथे ठेवणं मला सुरक्षित वाटेना. पारा काढून पट्ट्या सोडवायला दोन दिवस लागणार होते. तोवर काय करायचं ते जावयाने आपणहून सांगितलं. झाकण उघडं ठेवून, खिडक्या सताड उघडून तो आणि फिटर पाळीपाळीने पाऱ्यावर नजर ठेवणार, आणि पट्टी वर येताच चिमट्याने उचलणार. आम्ही निघताना जावयाने खाली वाकून आबांचे बूट बांधून दिले. लेक जिन्यातच बसून राहिली, निरोप द्यायला आली नाही.

आबा माझ्या शेजारी बसले होते. हात मांडीवर उघडे टाकलेले. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. मागे दिवा लागला आणि उजेडाचा पट्टा पाण्यावरून फिरत आला, आमच्या अंगावरून गेला, पुन्हा आला.

"इतकी वर्षं आतच होतो," ते म्हणाले. "इथून कधी पाहिला नाही."

खडक डाव्या हाताला आले. उजेडात फुटक्या फळ्या दिसल्या, आणि त्यांच्यात गळ टाकून तांडेलाच्या भावाला अजून शोधणाऱ्या दोन होड्या. आबांनी मान फिरवली नाही. प्रत्येक फेरीला ते पाहत राहिले. मला त्यांचा संताप येत होता आणि कीवही येत होती, दोन्ही एकदम.

आणि मग उजेड आला नाही.

लाँच चालवणाऱ्या सारंगाने इंजिन मंद केलं. खडकांचा आवाज जवळ वाटायला लागला. आबांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात इतका थरथरत होता की माझा खांदा हलत होता.

पाण्यावर उजेड पुन्हा सरकायला लागला. आधी दमल्यासारखा, मग नेहमीच्या चालीने.

"काढली पोराने," आबा म्हणाले. "काढली बघा."

बंदराचा धक्का येईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही.